इंजिनची टकटक कुठून येते, हे शोधणारा माणूस: थॉमस मिजली आणि पेट्रोलमधलं शिसं

नेहमीच्या पंपाऐवजी दुसरीकडे पेट्रोल भरलं आणि तेव्हापासून गाडी चढावर टकटक करायला लागली, पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं. अशा वेळी पहिला संशय पेट्रोलवरच जातो. कुणी म्हणतं भेसळ आहे, कुणी म्हणतं प्लग बदल, कुणी म्हणतं इंजिनच उतरवावं लागेल. पण दोष इंजिनचा आहे की इंधनाचा, हे ठरवायचं कसं?

साधारण ११० वर्षांपूर्वी अमेरिकेत एक तरुण इंजिनिअर नेमका याच प्रश्नाच्या मागे लागला होता. त्याचं नाव थॉमस मिजली ज्युनियर. या प्रश्नाचं उत्तर त्याने अगदी बरोबर शोधलं. पण त्यावर जो उपाय काढला, त्यामुळे जगभरातल्या कित्येक पिढ्यांच्या रक्तात शिसं गेलं. निदान बरोबर आणि औषध विषारी, अशी ही गोष्ट आहे. चला, सुरुवातीपासून पाहूया.

यंत्रांच्या घरात जन्म

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, बीव्हर फॉल्स या गावी झाला. वडील स्वतः संशोधक होते आणि टायर व चाकांवर काम करायचे. त्यामुळे यंत्रांशी खटपट करणं हे त्याच्यासाठी घरचंच काम होतं. त्याचं बालपण ओहायो राज्यात कोलंबस शहरात गेलं. १९११ मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. ज्या माणसाचं नाव पुढे रसायनशास्त्रात गाजलं, त्याची पदवी रसायनशास्त्रातली नव्हती. काही वर्षं इकडे-तिकडे नोकरी केल्यावर १९१६ मध्ये तो डेटन शहरातल्या डेल्को या कंपनीत दाखल झाला. तिथे त्याचा बॉस होता चार्ल्स केटरिंग.

आळ कुणावर?

केटरिंग हा त्या काळातला मोठा संशोधक. आज आपण बटण दाबून गाडी चालू करतो ना, त्या इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टची सुरुवात त्याने केली. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो पहिल्यांदा बसवला गेला. त्याच्याच जोडीला बॅटरीवर चालणारी इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडण्याची नवी व्यवस्थाही आली.

आणि तिथूनच डोक्याला ताप सुरू झाला. या गाड्यांच्या इंजिनमधून हातोडी मारल्यासारखा आवाज यायचा. इंग्रजीत त्याला नॉक म्हणतात आणि आपल्याकडचे मेकॅनिकही इंजिन नॉक करतंय असंच म्हणतात. लोकांनी सरळ हिशोब मांडला: नवीन काय आलंय? केटरिंगची इग्निशन. मग दोष तिचाच. ठिणगी चुकीच्या वेळी पडत असणार, असं सगळे धरून चालले होते.

त्याच वेळी डेल्को कंपनी शेतघरांसाठी छोटे वीजसंच विकत होती. घराजवळ पेट्रोल साठवणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं आणि विमा कंपन्यांना ते नको असायचं. म्हणून हे संच रॉकेलवर चालायचे. रॉकेलवर तर इंजिन फारच जोरात ठोके द्यायचं. केटरिंगने हे कोडं नव्याने आलेल्या मिजलीच्या हातात दिलं.

डब्याचा कॅमेरा

मिजलीने आधी तर्क बाजूला ठेवले आणि सिलिंडरच्या आत काय चाललंय ते बघायचं ठरवलं. अडचण अशी की सगळा खेळ सेकंदाच्या हजारांश भागात संपतो. मग त्याने एक जुगाड केला. सिलिंडरमधला दाब बदलला की एक छोटा आरसा हलायचा, त्यावरून प्रकाशाचा ठिपका हलायचा आणि फिरत्या फोटोफिल्मवर त्याची रेघ उमटायची. ही फिल्म गुंडाळायला त्याने टोमॅटोचा रिकामा डबा वापरला.

त्या रेघेने सगळ्यांचा समज खोटा ठरवला. ठिणगी वेळेवर पडत होती. जळण्याची सुरुवातही नीट होत होती. नंतर, जळण्याच्या शेवटच्या टप्प्यात, दाब एकदम उसळी घेत होता. म्हणजे इग्निशन निर्दोष होती आणि गडबड इंधनाच्या जळण्यात होती.

हे नेमकं काय होतं ते समजून घेऊ. प्लगवर ठिणगी पडली की आगीची एक लाट सिलिंडरमध्ये पसरत जाते. तिच्या पुढे जे मिश्रण अजून जळायचं आहे, ते दाबलं जातं आणि तापतं. इंधन चांगलं असेल तर ते आगीची लाट पोचेपर्यंत दम धरतं. इंधन हलकं असेल तर ते मिश्रण लाट पोचायच्या आधीच, आपणहून, एका झटक्यात पेटतं. त्या छोट्या स्फोटाने सिलिंडरच्या भिंती हादरतात आणि आपल्याला टकटक ऐकू येते. सतत नॉक होत राहिलं तर पिस्टनचं डोकंसुद्धा जळू शकतं.

यात एक मोठी गोष्ट अडकली होती. इंजिन मिश्रणाला जितकं जास्त दाबेल तितकी जास्त ताकद तेवढ्याच पेट्रोलमधून मिळते. पण जास्त दाबलं की नॉक वाढतो. म्हणजे नॉक सुटला नाही, तर गाड्या कायम अशक्त आणि पेट्रोल पिणाऱ्याच राहणार होत्या.

लाल पानांचा गोंधळ

आता इंधन सुधारायचं कसं? केटरिंगला एक रानफूल आठवलं. त्याची पानं लालसर असतात आणि ते बर्फ पूर्ण वितळायच्या आत फुलतं. त्याचा तर्क असा: लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल. मग रॉकेल लाल केलं तर ते लवकर वाफ होईल आणि ठोके थांबतील.

मिजली तेलात विरघळणारा लाल रंग शोधायला निघाला. रंग मिळाला नाही, तेव्हा कुणीतरी सुचवलं की आयोडीन तेलात विरघळतं आणि रंग देतं. डिसेंबर १९१६ मध्ये त्याने आयोडीन रॉकेलमध्ये टाकलं आणि खरंच, ठोके कमी झाले!

इथे बरेच जण थांबले असते. मिजली थांबला नाही. त्याने नंतर खरे लाल रंग आणून टाकून पाहिले, काही फरक पडला नाही. मग आयोडीनचंच एक बिनरंगी संयुग टाकलं, तर नॉक पुन्हा कमी. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, कमाल आयोडीनची होती. तर्क सपशेल चुकीचा होता, पण तो एकेक गोष्ट बदलून तपासल्यामुळे खरं कारण हाती आलं.

आयोडीन मात्र महाग होतं आणि धातू खायचं. त्यामुळे शोध पुढे चालू राहिला.

वास, तक्ता आणि ९ डिसेंबर १९२१

पुढची पाच वर्षं मिजली आणि त्याचे सहकारी एकामागून एक पदार्थ पेट्रोलमध्ये टाकून बघत होते. ॲनिलीन चाललं, पण त्याच्या धुराचा वास नकोसा. सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगं आणखी प्रभावी निघाली, पण त्यांचा लसणासारखा दर्प इतका भयंकर की अंघोळ करूनही जायचा नाही.

मग त्याने पद्धत बदलली. मूलद्रव्यांची आवर्तसारणी भिंतीवर लावल्यासारखी समोर ठेवली आणि कुठल्या कोपऱ्यातले पदार्थ जास्त चालतात ते मांडलं. तक्त्यात एका दिशेने खाली जाताना परिणाम वाढत होता. त्या दिशेने बोट सरकवलं की ते शिशावर येत होतं.

९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांनी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग इंजिनमध्ये टाकलं. टकटक बंद! आणि लागलं किती? एका गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटर पेट्रोलला, जेमतेम ३ मिलीलिटर. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. कंपनीने त्याचं नाव ठेवलं एथिल. जाहिरातीत शिसं हा शब्दच नव्हता.

दुसरा रस्ता होता

आता या गोष्टीतला सगळ्यात टोचणारा भाग. नॉक थांबवणारा दुसरा पदार्थ मिजलीला आधीपासून माहीत होता: अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल. १९२० मध्ये अल्कोहोल मिसळलेल्या इंधनाच्या पेटंटसाठी त्याने अर्ज केला होता. १९२१ मध्ये तर त्याने ३० टक्के अल्कोहोल घातलेल्या पेट्रोलवर गाडी चालवून इंजिनिअरांसमोर त्याचं कौतुकही केलं होतं.

मग शिसं का? काही कारणं तांत्रिक होती. अल्कोहोल भरपूर प्रमाणात मिसळावं लागतं, शिसं चमचाभर पुरतं. पण पैशाचा भागही होता. अल्कोहोल कुणीही गाळू शकत होतं, त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नव्हता. शिशाच्या मिश्रणावर मात्र पेटंट होतं आणि प्रत्येक गॅलनमागे कमाई होती. ऑगस्ट १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून हे मिश्रण विकण्यासाठी वेगळी एथिल कंपनी काढली. मिजली तिचा उपाध्यक्ष झाला.

शिसं विषारी असतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं समजू नका. ते शेकडो वर्षांपासून माहीत होतं. १९२२ मध्येच तज्ज्ञांनी धोक्याचे इशारे दिले होते. एवढंच काय, १९२३ च्या सुरुवातीला मिजलीलाच शिशाची बाधा झाली आणि काम सोडून हवापालटासाठी फ्लोरिडाला जावं लागलं.

१९२४: कारखान्यातले मृत्यू

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात टेट्राएथिल लेड बनवणारे कामगार अचानक विचित्र वागायला लागले. कुणाला भास होत होते, कुणी हिंसक होत होतं. पाच जणांचा मृत्यू झाला आणि कित्येकांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. इतर कारखान्यांतही कामगार दगावले होते. वर्तमानपत्रांनी या पेट्रोलला वेड लावणारा गॅस असं नाव दिलं. न्यूयॉर्क शहराने त्यावर बंदी घातली.

३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर आला. त्याने ते द्रव्य हातांवर ओतून हात धुतल्यासारखे चोळले आणि बाटली नाकाशी धरून सुमारे मिनिटभर वास घेतला. हे रोज केलं तरी काही होत नाही, असा त्याचा दावा होता. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीच याच विषाने तो स्वतः आजारी पडला होता, हे तेव्हा पत्रकारांना कळलं नाही.

१९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोठी बैठक झाली. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या कामगार-आरोग्याच्या डॉक्टरांनी कडाडून विरोध केला. विक्री काही महिने थांबली. मग नेमलेल्या समितीने थोड्या काळाचा अभ्यास करून १९२६ च्या सुरुवातीला सांगितलं की बंदी घालण्याइतका पुरावा दिसत नाही, पण पुढे लक्ष ठेवायला हवं. शिशाचं विष वर्षानुवर्षं साठत जातं, ते काही महिन्यांत दिसणार कसं? विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं या विषयावरचा बहुतेक अभ्यास उद्योगाच्याच पैशावर चालला.

थोडक्यात: दुसरा शोध, दुसरा धोका

मिजलीची कारकीर्द इथे संपली नाही. त्या काळातल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असायचे आणि गळती झाली की माणसं मरायची. १९२८ मध्ये मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर न पेटणारा, बिनविषारी वायू शोधला. तोच पुढे फ्रिऑन म्हणून विकला गेला. १९३० मध्ये त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. या वेळी त्याचा दावा खरा होता, माणसाला त्याचा त्रास नव्हता. पण हेच सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तेव्हा मिजलीला जाऊन ३० वर्षं झाली होती.

त्याला मानसन्मान भरपूर मिळाले. १९४१ मध्ये प्रीस्टली पदक मिळालं आणि १९४४ मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

१९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला आणि पाय गेले. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने स्वतःसाठी दोर आणि कप्प्यांची एक व्यवस्था बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांमध्ये गळा आवळला जाऊन त्याचा मृत्यू झाला. वय होतं ५५.

शिसं गेलं कसं?

१९५० च्या दशकात क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ दगडांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय मोजत होता. त्याला प्रत्येक ठिकाणी, अगदी स्वच्छ प्रयोगशाळेतही, जास्तीचं शिसं सापडायला लागलं. पुढे समुद्राचं पाणी आणि ध्रुवीय बर्फ तपासल्यावर त्याने दाखवलं की हे शिसं बऱ्याच अंशी गाड्यांच्या धुरातून आलंय. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम होतो, हेही हळूहळू पक्कं झालं.

शिसं जायला आणखी एक कारण घडलं. १९७५ पासून अमेरिकेत गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसायला लागले आणि शिशामुळे ते निकामी होतात. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि २००० पासून ते देशभर आलं. जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने शिशाचं पेट्रोल बंद केलं. म्हणजे डेटनमधल्या पहिल्या विक्रीनंतर ९८ वर्षांनी.

आणि इथेनॉल? मिजलीच्या काळात मागे पडलेला तोच पदार्थ आज आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतो.

तुमच्या गाडीत टकटक सुरू झाली तर

मिजलीची तपासणीची पद्धत आजही कामाची आहे. आधी आवाज ओळखा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

१. नॉक की मिसिंग? चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर धातूवर ठोकल्यासारखी टकटक येत असेल तर तो नॉक. गाडी झटके मारत असेल, उभी असतानाच थरथरत असेल, तर ते मिसिंग. नॉकमागे कमी ऑक्टेनचं किंवा रॉकेल मिसळलेलं पेट्रोल असू शकतं. मिसिंगमागे पेट्रोलमध्ये पाणी, खराब प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर असू शकतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी वेगळं होतं.

२. आवाज नाही म्हणजे नॉक नाही, असं नाही. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये नॉक सेन्सर असतो. ठोके जाणवले की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. टकटक थांबते, पण पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही पडतात.

३. फोनवर बघा. गाडीच्या डॅशबोर्डखाली ओबीडी पोर्ट असेल तर ब्लूटूथ स्कॅनर लावून ॲपवर कोड वाचता येतो. पी०३०० म्हणजे एकापेक्षा जास्त सिलिंडरमध्ये मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. पण कोड फक्त लक्षण सांगतो. भेसळ असा कोड कुठल्याच गाडीत नसतो.

४. पंपावरची तपासणी. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहिला तर संशय घ्या. घनताही विचारा. १५ अंश सेल्सिअसला पेट्रोलची घनता साधारण ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर असते. त्या साठ्याची नोंदलेली घनता आणि तुमच्यासमोर मोजलेली घनता यांत ३ पेक्षा जास्त फरक आला तर तक्रार करा. मात्र हुशारीने केलेली भेसळ या दोन्ही चाचण्यांतून निसटू शकते, पक्कं उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

५. खरी परीक्षा. टाकीतलं पेट्रोल मेकॅनिककडून काढून घ्या, दुसऱ्या खात्रीच्या पंपावरचं भरा आणि बाकी काहीही न बदलता त्याच चढावर गाडी न्या. टकटक गेली तर दोष इंधनाचा होता. राहिली तर कार्बन, जास्त तापणारं इंजिन किंवा चुकीचा प्लग यांच्याकडे वळा. प्लग आणि पेट्रोल एकाच दिवशी बदललं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. आणि हो, नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नका, ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

६. बाटलीतल्या उपायांपासून जपून. ऑक्टेन वाढवणाऱ्या काही द्रव्यांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात आणि त्यांचे थर प्लगवर बसू शकतात. टाकण्याआधी बाटलीवर आत काय आहे ते वाचा. लिहिलेलंच नसेल तर घेऊ नका.

भेसळीचा संशय आला तर पेट्रोलची पावती फेकू नका. तारीख, वेळ आणि पंपाचं नाव तिच्यावर असतं, तेल कंपनीकडे तक्रार करताना सगळ्यात आधी तेच विचारतात.